कोयलीत शिकलेली रशियन

महाशिवरात्रीचा उपास सुभानराव शितोळे दरवर्षी मोठ्या निष्ठेनं करत. निष्ठा देवावर होती तेवढीच साबुदाण्याच्या खिचडीवर. ऐंशीच्या माणसानं दुसऱ्यांदा वाढून घेऊ नये असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि उपासाच्या दिवशी डॉक्टरांचं ऐकायचं नसतं असं सुभानरावांचं. दोन हजार बावीसच्या त्या मंगळवारी दुपारी साडेबाराला ते ताटली पुढे करून बसले होते. त्यांची सून शैला कढईतली खिचडी काढत होती. तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधली नयना बेलही न वाजवता आत आली. पायात दोन वेगळ्या चपला, हातात फोन.

"आबा, तुम्हाला रशियन येतं ना? बोला याच्याशी! लवकर बोला!"

"याच्याशी म्हणजे कुणाशी?"

"ड्रायव्हर आहे. पोरींच्या अंगावर ओरडतोय. माझी मोहना त्या बसमध्ये आहे!"

बडोद्याच्या समा भागातल्या त्या सोसायटीत मोहनाचं काय चाललंय हे पाच दिवसांपासून सगळ्यांना तोंडपाठ होतं. नयनाची ही मुलगी युक्रेनमध्ये विनित्सियाला डॉक्टरकी शिकत होती. तिसरं वर्ष. गुरुवारी पहाटे लढाई सुरू झाली आणि मुलं होस्टेलच्या तळघरात जाऊन बसली. आपल्या वकिलातीचे निरोप येत होते: पश्चिमेची सरहद्द गाठा, पलीकडच्या देशातून विमानानं घरी आणू. सरकारनं त्या मोहिमेला गंगेचं नाव दिलं होतं, शेजारच्या देशांत मंत्रीही धाडले होते. विमानं यायला लागलीही होती. पण विमानापर्यंत पोचायचं कसं, ते बहुतेक पोरांनीच बघायचं होतं. मोहना आणि तिच्याबरोबरच्या बेचाळीस जणांनी मिळून एक जुनी बस ठरवली आणि संचारबंदी उठताच सकाळी मंडळी रुमानियाच्या दिशेनं निघाली. नयनानं तेव्हापासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं, आणि ते काही शिवरात्रीसाठी नव्हे.

सुभानरावांनी फोन कानाला लावला. आत गलका चालला होता.

"मोहना? मी आबा. काय झालं, शांतपणे सांग."

"आबा, शेतात मधेच गाडी थांबवली त्यानं. खाली उतरला, परत आला आणि मुलींच्या पायांकडे बोट दाखवून ओरडतोय. काहीतरी काढून द्या म्हणतोय! आम्ही सगळ्या मागे येऊन बसलोय. मुलं त्याच्यासमोर उभी आहेत, आता मारामारी होईल."

"तुम्हाला तिथली भाषा शिकवतात ना?"

"पेशंटपुरती येते, आबा! कुठे दुखतंय, जीभ दाखवा, एवढीच!"

"सारू, सारू. त्याला फोन दे."

सुभानराव गुजरातीत सारू, म्हणजे बरं, म्हणाले खरे, पण मनातून साशंक होते. त्यांनी रशियन बोलून पन्नास वर्षं उलटून गेली होती. आणि ती शिकले होते कुठे, तर बडोद्याजवळच्या कोयलीला. साठच्या दशकात तिथे रिफायनरी उभी राहत होती तेव्हा सोव्हिएत देशातले इंजिनिअर आणि फोरमन बडोद्यात राहायला आले होते. सुभानरावांचे वडील रेल्वेत गार्ड. पोरगा मॅट्रिकनंतर रिकामा फिरतो म्हणून त्यांनी त्याला तिथे फिटरच्या हाताखाली चिकटवलं. दुभाषा होता, पण तो कायम साहेबलोकांच्या मागे. फिटर मंडळींनी पान्यानं बोट दाखवत, घाम पुसत, हसत जी काय येईल ती भाषा शिकायची. सुभानरावांच्या वाट्याला आला मिकोला. हा पंपांचा फोरमन, अंगानं दांडगा, आवाजानं मऊ. त्यानं चार वर्षांत पोराला पंप शिकवला आणि बोलायलाही शिकवलं. त्यामुळे सुभानरावांच्या रशियनमध्ये व्हॉल्व्ह होता, गळती होती, दाब होता, चहा होता, कलिंगड होतं. सरहद्द या शब्दाला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

पलीकडे जड श्वास ऐकू आला. सुभानरावांनी घसा खाकरला आणि शाळेतल्या प्रार्थनेच्या आवाजात म्हणाले, "ज्द्रास्तवुयते, ताव्हारिश!"

नमस्कार, कॉम्रेड. कोयलीत सगळे असंच म्हणत.

 मग तो माणूस त्याच भाषेत, दातांतून एकेक शब्द चावत बोलला. सुभानरावांना सगळं कळलं. "म्हातारबुवा, माझ्याशी ही भाषा बोलू नका. आज नको."

 सुभानराव खुर्चीत मागे टेकले.

"काय म्हणतोय?" नयनानं विचारलं.

"रशियन बोलू नका म्हणतोय."

"मग कुठली बोलायची? गुजराती?"

शैलानं तिच्या पाठीवर हात ठेवला.  सुभानरावांसाठी ती दोस्तीची भाषा होती, डबा वाटून खायची. ती बोलल्यावर कुणी दुखावेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यात खरं तर दोष त्या माणसाचा नव्हता. त्याच्या गावावर पडणारे गोळे ज्यांचे, त्यांची ती भाषा होती.

आणि मग त्यांना एक जुनी गोष्ट आठवली, जिचा अर्थ त्यांना तेव्हा लागलाच नव्हता. मॉस्कोहून आलेला तो दुभाषा एकदा सुभानरावांचं बोलणं ऐकून खो खो हसला होता. "तुझा उस्ताद तुला खेडवळ बोली शिकवतोय. असं कोणी शहाणं माणूस बोलत नाही." मिकोला त्या दिवशी जेवला नव्हता. संध्याकाळी म्हणाला होता, "मी चेर्कासीकडचा. ते माझ्या आईचं बोलणं आहे." कागदोपत्री त्याचं नाव निकोलाय असं लिहिलेलं, आणि तो प्रत्येकाला सांगायचा की मी मिकोला आहे, मिकोला. एकवीस वर्षांच्या सुभानला काय कळणार? त्याच्या लेखी गोरा तो रशियन. साहेबांशी बोलताना मिकोला एक शब्द वापरतो आणि आपल्याशी दुसरा, एवढंच त्याच्या ध्यानात आलं होतं.

चेर्कासी युक्रेनमध्ये आहे, हे त्यांनी या पाच दिवसांत टीव्हीवरच्या नकाशात पाहिलं होतं. पाहिलं आणि नुसतं बघत राहिले होते.

म्हणजे आपल्याला येतं त्यातलं निम्मं युक्रेनी आहे! पण कुठलं निम्मं? तांदळातले खडे वेचावेत तसे सुभानराव डोळे मिटून शब्द वेचायला लागले. आभार मानताना साहेबांसमोर 'स्पासिबा', आपल्याशी 'द्याकुयू'. साहेबांसमोर 'पझालुस्ता', आपल्याशी 'बूद लास्का'. त्यांनी फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"बूद लास्का," ते हळू म्हणाले. कृपा करून. "बूद लास्का, भाऊ. मी फिटर आहे. इंडियातला. ऐंशी वर्षांचा. माझा उस्ताद चेर्कासीचा, मिकोला. चूक झाली तर माफ कर. जसं त्यानं शिकवलं तसं बोलतो."

 मग ड्रायव्हरच्या नाकातून विचित्र आवाज निघाला. तो हसत होता की रडत होता, सुभानरावांना नीट सांगता आलं नसतं.

"चेर्कासी?" तो म्हणाला. "तुम्ही माझ्या आजीसारखं बोलता, म्हातारबुवा! आणि मधूनच कारखान्यासारखं."

"गाडीला काय झालं?"

मग ड्रायव्हर सुटलाच. सुभानरावांना दहातले चार शब्द कळत होते, पण नेमके पाहिजेत तेच चार. 'रेमिन' कळला. 'पोर्वावस्या' कळला. पाणी तापतंय हे कळलं. आणि शेवटी 'काप्रोन' कळला, तेव्हा त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की ताटलीतलं रताळं खाली पडलं.

"अगं, फॅनबेल्ट तुटलाय!"

"मग पोरींच्या पायांकडे काय बघतोय मेला?" नयना ओरडली.

"नायलॉनचे मोजे मागतोय, लांब मोजे! पट्ट्याच्या जागी बांधायला!" सुभानराव हसत सुटले. "कोयलीच्या रस्त्यावर आमच्या जीपचा पट्टा तुटला होता तेव्हा मिकोलानं बायकोचा मोजा बांधून जीप बडोद्यापर्यंत आणली होती. बाई आठवडाभर बोलली नव्हती त्याच्याशी." मग फोनमध्ये ड्रायव्हरला म्हणाले, "मोहनाला दे, मोहनाला दे."

मोहनानं ऐकलं, आणि तिनं बसमध्ये ते मोठ्यानं सांगितलं.  मग बेचाळीस पोरं एकदम हसली. पाच दिवस तळघरात साठलेलं हसू ते. फोन शैलाच्या हातातून इकडे तिकडे फिरला, तिघांनी ऐकला, आणि नयना हसता हसता खाली फरशीवर बसून रडायला लागली.

मुलींनी बॅगा उघडल्या. सात जोड निघाले.

"लोकरीचे नको," सुभानराव फोनवरून बजावत होते. "पातळ, घट्ट विणीचे. पीळ दे, गाठ बारीक मार, टोकं कापून टाक. आणि गाडी पोविल्नो. पोविल्नो म्हण त्याला. हळू."

ड्रायव्हरचं नाव वासिल. त्यानं फोन इंजिनाशेजारी कुठेतरी टेकवला असावा, कारण पान्याचे आवाज स्पष्ट येत होते आणि मधे मधे त्याचं बोलणं. सुभानरावांना ते आवाज ऐकून बरं वाटत होतं. इतक्यात वासिल म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"तुमचा देश. परवा जगाच्या मोठ्या सभेत मत द्यायचं होतं. तुमचा हात वर झाला नाही. इकडेही नाही, तिकडेही नाही. तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

सुभानरावांनी शैलाकडे पाहिलं. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. तिला अर्थ सांगितला तर ती कुजबुजली, "आबा, राजकारण नको हं. पोरं त्याच्या गाडीत आहेत."

तिचं बरोबर होतं. पण समोरचा माणूस बर्फात आडवा होऊन आपल्या पोरींचे मोजे इंजिनाला बांधत होता. त्याला गुळमुळीत उत्तर देणं सुभानरावांच्या जिवावर आलं. एरवी सकाळी बागेतल्या बाकावर ते परराष्ट्र धोरणावर तासभर बोलू शकत. आज एक वाक्य जमेना.

"मला दिल्लीनं विचारलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "काल टीव्हीवर सांगितलं, तुमच्या लोकांसाठी औषधं, तंबू, पांघरुणं पाठवतोय. पोरांना आणायला जी विमानं येणार, त्यांतूनच. एवढंच मला माहीत आहे. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही."

पाना थांबला.

"पांघरुणं चांगली," वासिल म्हणाला. "थंडी खूप आहे. हात वर झाला असता तर तेही बरं वाटलं असतं."

"हो," सुभानराव म्हणाले. "खरं आहे."

 मग इंजिन खोकललं, अडखळलं आणि चालू झालं. पोरांनी असा जल्लोष केला की सुभानरावांना फोन कानापासून लांब धरावा लागला. गलक्यातून वासिलचा आवाज आला, "द्याकुयू, म्हातारबुवा! तुमची पोरं मी पोचवतो. मोजे टिकले तर!"

मोजे टिकले, पण दोन जोड खर्ची पडले. अकरा किलोमीटरवरच्या गावात एका ट्रॅक्टरवाल्याकडे पट्टा मिळाला. सरहद्दीवर गाड्यांची रांग लागली होती, तिथून पोरं सात किलोमीटर बर्फातून चालली. नयनाला दर तासाला निरोप येत होता. त्याच दिवशी खार्किवमध्ये आपल्याकडचा एक विद्यार्थी तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेल्याची बातमी आली, तेव्हा शैलानं टीव्ही बंद केला आणि नयनाला रात्री आपल्याकडेच झोपवलं. बुधवारी दुपारी मोहना रुमानियात पोचली. शाळेच्या व्यायामशाळेत गाद्या घातल्या होत्या आणि गावातल्या बायका मोठमोठ्या पातेल्यांतून सूप वाढत होत्या.

इकडे सुभानरावांचं वेगळंच सुरू झालं. बसमधल्या कुणीतरी नयनाकडून त्यांचा नंबर घेऊन ग्रुपवर टाकला होता, 'बडोद्याचे रशियन आबा' अशा नावानं. बुधवारी सकाळपासून फोन वाजायला लागला. कुणी केरळचं, कुणी पंजाबचं, कुणी डभोईचं. कुणाला तिकीट तपासनिसाशी बोलायचं होतं, कुणाला नाक्यावरच्या शिपायाशी. आता सुभानराव आधी विचारायचे, समोरच्याला कुठली भाषा चालेल, आणि मगच तोंड उघडायचे. एका मुलाला आपलं कुत्रं रेल्वेत न्यायचं होतं. त्याला लस टोचलीय हे सांगायला सुभानरावांकडे शब्द नव्हता, म्हणून त्यांनी रेल्वेच्या बाईंना सांगितलं की या कुत्र्याचा रोगाचा व्हॉल्व्ह पक्का बंद केलेला आहे. बाई इतक्या हसल्या की कुत्रं चढलं.

दुपारी एक फोन बडोद्यातूनच आला. "काका, तमे रशियन जाणो छो?"

"थोडी थोडी. तुम्ही कोण?"

"मी योगिनी, जिल्ह्याच्या मदत कक्षातून बोलतेय," बाईंनी लगेच मराठी सुरू केली. "पालक आम्हाला विचारतात, ते आबा कोण? तुमचा नंबर आमच्या यादीत घालू का? दिल्लीच्या कक्षालाही कळवते. आमच्याकडे भाषा येणारी माणसं थोडी आहेत, आणि फोन हजार."

सुभानरावांनी शैलाकडे पाहिलं. शैलानं मान हलवली.

"घाला," ते म्हणाले. "मात्र एक ते दोन माझं जेवण असतं."

तो नियम दोन दिवसही टिकला नाही. शैलानं शेवटी जेवणाच्या टेबलावरच फोनची जागा केली, शेजारी चष्मा आणि पाण्याचा तांब्या. सोसायटीतल्या बायकांनी पाळ्या लावून नावं लिहून घ्यायचं काम घेतलं. संध्याकाळी योगिनीबाई फोन करून विचारायच्या, आज किती जण पार झाले, आणि सुभानराव आकडा असा सांगायचे जसा पूर्वी पंपाचा दाब सांगत.

शनिवारी सकाळी मोहना आली. दिल्लीहून राज्य सरकारच्या बसनं सगळ्या मुलांना आणलं होतं. सोसायटीनं ढोल बोलावला होता. नयनानं आरतीचं ताट हातात धरलं, आणि लेक समोर येताच ताट शैलाकडे देऊन नुसती तिला धरून उभी राहिली. ढोलवाल्याला कुणी थांब म्हणेना, त्यामुळे तो वाजवत राहिला. मोहना सोळा तास झोपली. उठली ती थेट शितोळ्यांच्या घरी, केस विस्कटलेले, हातात फोन.

सुभानरावांना वाटलं, पोरगी पाया पडायला आली. ती पडलीही, पण उठता उठताच म्हणाली, "आबा, अवंती सूमीत अडकलीय."

अवंती तिची शाळेपासूनची मैत्रीण. सूमी पूर्वेला, रशियाच्या सरहद्दीला टेकलेलं. तिथे आपली शेकडो मुलं होस्टेलात कोंडलेली होती. नळ बंद, म्हणून बर्फ वितळवून पाणी पीत होती. बाहेर पडायचं तर दोन्ही सैन्यांनी तेवढा वेळ बंदुका खाली ठेवायला हव्यात. दिल्ली दोन्हीकडे बोलतेय, अशी बातमी रोज येत होती, आणि रोज बस निघत नव्हती.

"इथे माझा काय उपयोग गं?" सुभानराव म्हणाले. "तिथे व्हॉल्व्ह माझ्या हातात नाही."

"होस्टेलच्या बाई सूचना देतात त्या कुणाला धड कळत नाहीत. तेवढ्या सांगा. आणि नुसतं बोला, आबा. त्यांना माणसाचा आवाज पाहिजे."

मोहनानं दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. तिला रस्ते ठाऊक होते, नाके ठाऊक होते, सरहद्दीवर कुठे शेकोटी मिळते तेही. सुभानरावांना बाईंची भाषा समजायची. होस्टेलची बाई रशियन बोलायची, मधेच युक्रेनी, आणि एकदा सुभानरावांनी विचारलं की तुम्हाला कुठली बरी वाटेल, तर ती म्हणाली, "जी येईल ती बोला हो, मला सत्तर खोल्या बघायच्यात!" तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. ती प्रत्येक फोनला विचारायची, बडोद्यात आज ऊन आहे का. सुभानराव सांगायचे, भरपूर, पाठवू का थोडं? सोमवारी बस निघता निघता थांबली, तेव्हा अवंती अर्धा तास फोनवर रडली. मोहनानं तिला तळघरातले सगळे वाईट विनोद पुन्हा ऐकवले. सुभानराव नुसते हं हं करत राहिले. पोरीला तेवढंच हवं होतं.

मंगळवारी दुपारी ते जेवून खुर्चीत टेकले होते. मोहना मुलांची नावं पुन्हा तपासत होती. स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज येत होता. फोन वाजला तेव्हा मोहनानंच उचलला.

"निघालो!" अवंती ओरडली. पाठीमागे इंजिनं, हाका, कुणीतरी गणपतीबाप्पा म्हणत होतं. "खरंच निघालो! सगळ्या बसेस! होस्टेलच्या बाई रस्त्यात उभ्या राहून हात हलवतायत. आबांना दे ना फोन, पटकन!"

मोहनानं शेजारी पाहिलं. सुभानराव तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात पोटावर.

"आबा झोपलेत," ती हळूच म्हणाली. "राहू दे. पोचलात की कर."

तिनं त्यांचा चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि शैलाकाकूला ही बातमी सांगायला आणि तव्यावर काय आहे ते बघायला आत गेली.